निर्बंध आणि नियम

महाराष्ट्रांतील करोनाचे सर्व निर्बंध २०२२ सालच्या गुढीपाडव्यास, म्हणजे २ एप्रिल रोजीं, उठले. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनेंही आणीबाणीची स्थिति संपल्याचें जाहीर केलें. तथापि विषाणूचा एखादा नवा प्रकार आढळल्याची वार्ता वर्तमानपत्रांत आली कीं घरोघरीं जुना वाद पुन्हां पेटतो. २०२५ सालच्या मे महिन्यांतही तो पेटला होता. एक पक्ष म्हणतो कीं, सरकारनें उतावीळपणें सर्व मोकळें केलें आणि त्याचें फळ आतां आपण भोगणार. दुसरा म्हणतो कीं, भिववून भिववून लोकांचे धंदे बुडविले, मुलांच्या शाळा बुडविल्या. आतां कोणाचेंच ऐकावयाचें नाहीं. हे दोन्ही पक्ष पुष्कळदां एकाच माजघरांत नांदत असतात. म्हणून दोहोंच्या म्हणण्यांत सत्य किती आणि भीतीचा किंवा रागाचा अंश किती, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम भिणाऱ्यांची बाजू घेऊं. २०२० सालची पहिली लाट ओसरल्यावर आपल्याकडे हळूहळू दारें उघडूं लागलीं. १ फेब्रुवारी २०२१ पासून मुंबईची लोकल ठराविक वेळांत सर्वांस खुली झाली. लांबलेलीं लग्नें उरकण्याची घाई सुरू झाली. मुखपट्टी नाकावरून हनुवटीवर आली. त्याच महिन्यांत अमरावतीकडे रुग्ण वाढूं लागले आणि २२ फेब्रुवारीस अमरावती व अचलपूर येथें पुन्हां टाळेबंदी करावी लागली. १८ एप्रिल रोजीं महाराष्ट्रांत एका दिवसांत नोंदलेल्या नव्या रुग्णांची संख्या ६८ हजारांवर गेली. ऑक्सिजनच्या एका सिलिंडरसाठीं रात्रभर वणवण फिरणारीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं. पुढें ‘डेल्टा’ या नांवानें ओळखला गेलेला प्रकार या लाटेच्या मुळाशीं होता. त्याच्या कुळांतील विषाणु भारतांतील ऑक्टोबर २०२० च्या नमुन्यांतच सांपडले होते. केवळ लोकल सुरू झाली म्हणून संकट आलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल; केवळ विषाणु बदलला म्हणून आलें, हें म्हणणेंही अपुरें होय. विषाणु चपळ झाला आणि त्याच वेळीं आपण सैल झालों, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. एक लाट सोसली म्हणजे पुढची सौम्यच असेल, हा भरंवसा १९१८ सालींही खोटा ठरला होता. इन्फ्लुएंझाची त्या वर्षीच्या जूनमधील मुंबईची लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरांतील दुसरी लाट प्राणघातक निघाली आणि हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं.

विषाणु बदलतो म्हणजे काय, हें पोथ्यांच्या उदाहरणानें सहज समजेल. छापखाने नव्हते तेव्हां पोथी हातानें उतरवून घेत. उतरविणारा कितीही सावध असला तरी कोठें काना सुटे, कोठें ओळ गळे. त्या प्रतीवरून दुसरा उतरी, तो तीच चूक पुढें नेई आणि स्वतःची एक भर घाली. यालाच आपण पाठभेद म्हणतों. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना अनेक पोथ्या ताडून हेच पाठभेद निवडले. करोनाचा विषाणुही सुमारें तीस हजार अक्षरांची एक पोथीच होय. तो शरीरांत शिरला कीं स्वतःच्या प्रती काढूं लागतो आणि उतरवितांना चुकतो. बहुतेक चुका निरर्थक असतात, कांहीं तर त्याच्याच नाशास कारण होतात. क्वचित् एखादी चूक अशी घडते कीं तिच्यामुळें तो अधिक वेगानें पसरतो, किंवा पूर्वीच्या आजारानें अथवा लशीनें आलेल्या प्रतिकारास चुकवितो. प्रती जितक्या अधिक, तितके पाठभेद अधिक. आजार पसरूं न देणें म्हणजे नव्या प्रकारांस जन्मालाच न येऊं देणें होय. म्हणून भिणाऱ्यांचें म्हणणें पोकळ नाहीं.

परंतु प्रत्येक पाठभेदानें अर्थ बदलत नाहीं, हेंही तितकेंच खरें. जून २०२१ मध्यें ‘डेल्टा प्लस’ नांवाचा प्रकार रत्नागिरी, जळगांव वगैरे ठिकाणच्या २१ रुग्णांच्या नमुन्यांत सांपडला. ७ जूनपासून राज्यांत पांच स्तरांची पद्धत लावून निर्बंध सैल केलेले होते. २५ जून रोजीं नवा हुकूम निघाला आणि कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराहून मोकळा राहिला नाहीं, मग तेथें रुग्ण कितीही थोडे असोत. पुढें डेल्टा प्लसची निराळी लाट आलीच नाहीं. माहिती थोडी असतांनाच निर्णय घ्यावा लागतो, म्हणून त्या वेळच्या सावधगिरीस आम्ही मूर्खपणा म्हणणार नाहीं. मात्र दुपारीं चार वाजतां दुकान बंद करावें लागणाऱ्या व्यापाऱ्यास राग कां आला, हें समजून घेतलें पाहिजे.

येथें सुशिक्षित घरांनीं स्वतःस एक प्रश्न विचारावा. आमच्यासारख्यांचें निवृत्तिवेतन टाळेबंदींतही बँकेंत जमा होत होतें. मुलगे-सुना घरांत बसून संगणकावर काम करीत होतीं. ज्यांचें पोट रोजच्या मजुरीवर, त्यांस घरीं बसणें म्हणजे उपाशी बसणें होतें. मार्च २०२० नंतर मुलाबाळांसह पायीं गांवाकडे निघालेले मजूर आपण पाहिले. शाळा कित्येक महिने बंद राहिल्या. ज्या घरांत मोबाइल एक आणि मुलें तीन, तेथें अभ्यास किती झाला असेल हें शिक्षकास सांगावयास नको. २०२० व २०२१ सालीं पंढरीची वारीही नेहमीप्रमाणें पायीं निघूं शकली नाहीं. पादुका बसमधून गेल्या. तेव्हां ‘निर्बंध कायम ठेवा’ ही मागणी, ज्यास तिची किंमत मोजावी लागत नाहीं, त्यानें फार जपून करावी.

मग निर्बंध सैल होतात याचा अर्थ तरी काय समजावा? २०२१ सालच्या त्या पांच स्तरांची कसोटीच पाहा. पहिल्या, म्हणजे सर्वांत मोकळ्या, स्तरासाठीं तपासलेल्या शंभर नमुन्यांत पांचांहून कमी बाधित निघावेत आणि ऑक्सिजनच्या खाटांपैकीं चतुर्थांशाहून कमी भरलेल्या असाव्यात, असें ठरलें होतें. म्हणजे सरकार साथीचा जोर आणि रुग्णालयांचें बळ मोजीत होतें. ‘आतां आपण आजारी पडणार नाहीं’ असें अभय त्यांत कोठेंही नव्हतें. ‘पडलांत तर खाट मिळूं शकेल’ एवढेंच होतें. आपल्या घरांतील ऐंशी वर्षांच्या आजींचें किंवा मधुमेह असलेल्या काकांचें बळ कोणत्याही सरकारी तक्त्यांत येत नाहीं. तें मोजण्याचें काम घरच्या माणसांचेंच आहे.

म्हणून निर्बंध आणि नियम यांतील भेद ओळखावा, अशी आमची सूचना आहे. ‘निर्बंध’ या शब्दाचा संस्कृतांतील अर्थ आग्रह किंवा हट्ट असा आहे. मराठींत बाहेरून घातलेल्या बंधनास तो रूढ झाला. नियम हा आपण होऊन पाळावयाचा असतो. योगशास्त्रांतील पांच नियमांत पहिला शौच, तो कोणी हुकूम काढला म्हणून पाळावयाचा नसतो. निर्बंध सरकारनें घालावे आणि वेळ येतांच उठवावे. घरचा नियम मात्र कोणत्याही राजपत्रानें उठत नाहीं.

हा विषाणु मुख्यतः हवेंतून पसरतो. स्पर्शास्पर्शाच्या सोंवळ्याचें त्यापुढें कांहीं चालत नाहीं. साथीच्या निमित्तानें कित्येकांनीं सोंवळ्याची जी थोरवी गाइली, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. कामाच्या बाईस दाराबाहेर उभें करावें आणि खोकणाऱ्या जांवईबापूंस पंक्तीस बसवावें, हें कसलें शौच? नियम साधे आहेत. खिडक्या उघड्या ठेवाव्या. ज्यास ताप-खोकला असेल त्यानें निराळ्या खोलींत निजावें, आणि वृद्धांजवळ जाणें भागच पडलें तर मुखपट्टी लावावी. घरांत कोणी आजारी असतां बारसें किंवा सत्यनारायण चार दिवस पुढें ढकलल्यानें कोणाचें अकल्याण होत नाहीं. लशीविषयीं वैद्यांस विचारावें, शेजाऱ्यांस नव्हे. नव्या प्रकाराची बातमी आली कीं तीनच प्रश्न विचारावे: तो अधिक पसरतो काय, अधिक आजारी पाडतो काय, लशीनें आलेल्या प्रतिकारास चुकवितो काय? उत्तरें मिळेपर्यंत वरील नियम पुरेसे आहेत; धान्याची पोतीं भरून ठेवण्याचें कारण नाहीं.

आणखी एक नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर २०२१ मध्यें दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनीं ‘ऑमिक्रॉन’ हा नवा प्रकार हुडकून तो तत्काळ जगास कळविला. त्यांचे आभार मानण्याऐवजीं अनेक देशांनीं तेथून येणारीं विमानेंच बंद केलीं. खरें बोलल्याची शिक्षा मिळाल्याची भावना त्या देशांत झाली. घरांतही असेंच घडत असतें. ‘अंगांत कणकण आहे’ असें सुनेनें सांगतांच, ‘आज सण, आणि आजच कशी आली?’ असें कोणी म्हटलें, तर पुढच्या वेळीं ती गोळी घेऊन मुकाट्यानें ओट्यापुढें उभी राहील, आणि तिचा ताप सर्वांच्या पानांत वाढला जाईल. ज्या घरांत आजार सांगण्याची भीति नाहीं, आणि ती निजली असतां भात टाकण्यास घरांतील पुरुष कुरकुर न करतां पुढें होतात, त्या घरास नव्या विषाणूची वार्ता वेळेवर कळेल.

विषाणूचे पाठभेद पुढेंही होत राहतील आणि सरकारचे हुकूमही वेळोवेळीं निघतील व उठतील. त्यांवर वाद अवश्य करावा. लोकशाहींत तो झालाच पाहिजे. परंतु वाद करतांना खिडकी उघडी असावी, आणि घरांतील सर्वांत अशक्त माणसास त्या वादाची झळ लागूं नये, इतकें आमच्या वाचकांनीं पाहिलें तरी आमचा हेतु सफल झाला असें आम्ही समजूं.