प्रवाळ असो वा चुनखडी, कॅल्शियम तेच

पेण-रोहा भागातल्या काही गरोदर भगिनी सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालेली कॅल्शियमची गोळी घरात पडू देतात आणि ‘प्रवाळाचे’ म्हणून महागडी बाटली विकत आणतात. प्रवाळ, शिंपले, चुनखडी या तिन्हींत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच असते. त्याच्या १२५० मिलिग्रॅममधून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. सरकारी गोळीतही तेवढेच आहे, शिवाय ‘ड’ जीवनसत्त्व. ती जेवणाबरोबर घ्यावी. लोहाची गोळी मात्र दोन तासांच्या अंतराने. आम्लपित्ताची औषधे कायम घेणाऱ्यांना सायट्रेट अधिक मानवते, पण त्यात कॅल्शियम २१ टक्केच. तेव्हा वेष्टनावर ‘एलिमेंटल कॅल्शियम’ किती, ते पाहा. वाचलेल्या पैशांत दूध, नाचणी, सुकट आणा.