तारामतीला बाजारात उभे करणारे कोण?

नागपूरच्या महालातील जुना वाडा असो वा मुंबईच्या उपनगरातील सदनिका, दिवेलागणीनंतर मराठी घरांतून आज एकच कथा ऐकू येते. सून सोशिक, सासू कपटी, नणंद कारस्थानी आणि पुरुषमंडळी मख्ख! या कथेविषयी कोणी तक्रार केलीच, तर वाहिन्यांचे उत्तर तयार असते : प्रेक्षकांना हेच हवे असते आणि बाजारात जे खपते तेच विकावे लागते. हे उत्तर खोटे आहे. ते कसे खोटे आहे, हे समजून घेण्यासाठी परदेशी समाजशास्त्रज्ञांचे ग्रंथ चाळण्याची गरज नाही. दुर्गाबाई खोटे यांचे चरित्र त्यासाठी पुरेसे आहे.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवून कॅमेऱ्यासमोर उभे करावे लागले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पुढे आल्या. पण समाजाची नजर बदलली नाही. चित्रपटात काम करणारी स्त्री म्हणजे घरातून उठलेली स्त्री, असेच समीकरण रूढ राहिले. पुढे १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने आपला पहिला बोलपट म्हणून हरिश्चंद्राचीच कथा निवडली. 'अयोध्येचा राजा' या त्या बोलपटात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि तारामती झाल्या सेंट झेविअर महाविद्यालयात शिकलेल्या, प्रतिष्ठित लाड घराण्यात जन्मलेल्या दुर्गाबाई.

'घरंदाज' शब्दामागचा ढोंगीपणा

'चित्रपटात आलेली घरंदाज स्त्री' अशा शब्दांत दुर्गाबाईंचा गौरव करण्याची प्रथा आहे. या गौरवात समाजाने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली आहे. दुर्गाबाई हौसेने चित्रपटात आल्या नव्हत्या. सासरच्या संपन्न घरावर आर्थिक संकट कोसळले होते, पदरात दोन मुले होती. १९३१ साली 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी लहानशी भूमिका केली. चित्रपटाचे एकंदर स्वरूप कसे आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. तो पडद्यावर येताच ज्यांनी तिकीट काढून तो पाहिला, त्यांनीच या स्त्रीवर टीकेचा भडिमार केला. संकटात असताना तिच्या दारी न फिरकलेली मंडळी तिने कष्टाची भाकरी मिळवताच संस्कृतिरक्षक झाली!

संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा प्रसंग विसरता कामा नये. व्ही. शांताराम यांनी दुर्गाबाईंना तारामतीची भूमिका दिली नसती, तर त्यांची कारकीर्द कदाचित तेथेच संपली असती. स्त्रीच्या प्रतिष्ठेचे रक्षण निंदेने होत नाही. तिच्यासमोर प्रतिष्ठेचे काम ठेवल्याने होते. प्रभातने नेमके तेच केले.

त्यानंतरचा प्रवास थक्क करणारा आहे. कलावंत एकाच कंपनीच्या पगारावर बांधलेला असे, त्या काळात त्या कोल्हापूरहून थेट कलकत्त्याला गेल्या. तेथे १९३४ साली देवकी बोस यांच्या 'सीता'मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्या रामासमोर त्या सीता म्हणून उभ्या राहिल्या. १९३६ मध्ये 'अमर ज्योती'त त्यांनी अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलणारी सौदामिनी रंगवली. १९३७ मध्ये 'साथी'ची निर्मिती केली. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मधील त्यांची जोधाबाई साऱ्या देशाने पाहिली. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, हे सन्मानही त्यांना लाभले.

सासू तेव्हाही होती!

येथे मालिकांचे समर्थक म्हणतील, की दुष्ट सासू दाखवण्यात नवे ते काय? आक्षेप रास्त आहे. १९४१ मध्ये आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'त सुनेला छळणारी सासू दुर्गाबाईंनीच साकारली होती. पुढच्याच वर्षी 'भरत मिलाप'मध्ये त्या कैकेयी झाल्या. सीता आणि तारामती साकारणारी अभिनेत्री खलनायिका होण्यास कचरली नाही.

परंतु दोहोंतील अंतर जमीनअस्मानाचे आहे. त्या कथेतील सासू घराघरांतील छळाला आरसा दाखवण्यासाठी उभी केली होती. कैकेयीच्या हट्टामागे पुत्रमोह आहे आणि तिच्या कृत्याचे भयंकर फळ तिच्याच पदरात पडते. आजच्या मालिकेतील कारस्थानी स्त्रीला ना कारण असते, ना पश्चात्ताप. कारण तिला सुधारू दिले तर मालिका संपेल! दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि त्या आकड्यांवर जाहिरातीचा दर ठरतो. म्हणूनच आठवड्यातील पाच-सहा दिवस, वर्षानुवर्षे, भरल्या घरातील स्त्रीने स्त्रीच्या ताटात विष कालवत राहायचे! २००० साली आलेली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका आठ वर्षे चालली आणि तिचा साचा मराठी वाहिन्यांनीही उचलला. हरिश्चंद्राने वचनासाठी तारामतीला बाजारात विकले. वाहिन्यांनी तिला जाहिरातीसाठी विकले.

आणि प्रेक्षकांना हेच हवे असते, या दाव्याचे काय? लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट काढता काढता दुर्गाबाईंची निर्मितीसंस्था दूरदर्शनकडे वळली. १९८८ साली, दुर्गाबाई त्र्याऐंशी वर्षांच्या असताना, या संस्थेने 'वागळे की दुनिया' ही मालिका दिली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील सामान्य माणूस, कुंदन शाह यांचे दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर ही जोडी. ना कारस्थान, ना किंचाळणारे पार्श्वसंगीत. एक साधा कारकून, त्याची समंजस पत्नी आणि महिनाअखेरीची ओढाताण. देशाने ती मालिका डोक्यावर घेतली.

तेव्हा दूरदर्शनची मक्तेदारी होती, प्रेक्षक जाणार कोठे, अशी पळवाट काढली जाते. मग २०२१ मध्ये शेकडो वाहिन्यांच्या गर्दीत त्याच वागळे कुटुंबाची पुढची पिढी पडद्यावर आली आणि काही वर्षे टिकली, ती कोणत्या मक्तेदारीमुळे? चांगले खपत नाही, हे खरे नाही. चांगले करण्यास कष्ट आणि श्रद्धा लागते, हे खरे आहे.

दुर्गाबाईंचे २२ सप्टेंबर १९९१ रोजी निधन झाले. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत उपलब्ध आहे. वाहिन्यांच्या लेखनकक्षात ते सक्तीने वाचले जावे. पण सारा दोष वाहिन्यांच्या माथी मारून चालणार नाही. मालिकेला नावे ठेवत ती रोज पाहणारे घर आणि १९३१ साली तिकीट काढून निंदा करणारा प्रेक्षक, यांत फरक कोणता? आकडा घरातूनच जातो. दिवेलागणीला ते बटण बंद करण्याचा अधिकार अजून कोणत्याही वाहिनीने विकत घेतलेला नाही.