चुंबकाला भिंत आडवी येत नाही

१५३८ साली लिस्बनहून गोव्याकडे निघालेल्या दों जुआंव द कास्त्रो या दर्यावर्द्याने वाटेत होकायंत्राची सुई पुनःपुन्हा तपासली. एके प्रसंगी ती अकारण भरकटली. शोध घेता कारण जवळच्या लोखंडी तोफांत सापडले. हाच मनुष्य पुढे गोव्यात गव्हर्नर होऊन आला. त्या राजवटीविषयी आमच्या वाचकांस निराळे सांगणे नलगे. पण निरीक्षण पक्के होते.

तोफ काही चुंबक नव्हे, मग तिने सुई का ओढावी? लोखंडाच्या अणूत इलेक्ट्रॉनांमुळे एक सूक्ष्म चुंबक नांदत असतो. असे असंख्य अणू एका दिशेस तोंड करून कंपू बनवितात. परंतु कंपूंची तोंडे परस्परांशी न जुळल्याने बाहेर त्यांचा प्रभाव जाणवत नाही. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र लाभले, मग ते पृथ्वीचे का असेना, की अनुकूल कंपू वाढतात व लोखंड स्वतःच चुंबक होते. मध्ये लाकडी फळी घाला की विटांची भिंत, क्षेत्र आरपार जाते. उतारा एकच, अंतर. लहान चुंबकापासून अंतर दुप्पट केले की त्याचे क्षेत्र अष्टमांशावर येते.

हे सारे आठवण्याचे निमित्त अलिबागची चुंबकीय वेधशाळा. मुंबईत कुलाब्यास १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. १८५९ च्या सप्टेंबरातील सौर वादळात तेथील क्षेत्र सोळाशे नॅनोटेस्लांनी खाली आले, आणि त्या वादळाच्या ज्या मोजक्या नोंदी आज जगापाशी आहेत त्यांत कुलाब्याची नोंद मोलाची ठरली. पुढे मुंबईत विजेची ट्राम येऊ घातली. वीजप्रवाह वाहिला की भोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहतेच. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली हे काम अलिबागेस नेले. लोखंड टाळून इमारती उभारल्या. दोन वर्षे दोन्हीकडे मोजणी चालू ठेवून जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळविला. हा सांधा हीच खरी कमाई, कारण एकशेऐंशीहून अधिक वर्षांची अशी मालिका जगात फार थोड्यांपाशी आहे.

आता २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबई अलिबागच्या अधिकच निकट आली आहे. बंगले, वाहने, वीजवाहिन्या वाढणार. वाढू देत, कोणी गावाची भरभराट अडवू नये. पण वेधशाळेला कुंपण घालून भागत नाही, कारण शेजाऱ्याच्या लोखंडाला ते कुंपण ठाऊक नाही. दिवसभरातील दहा-वीस नॅनोटेस्लांचा चढउतार टिपणाऱ्या यंत्राला जवळून गेलेला ट्रकदेखील फसवितो. दर्यावर्दी नकाशांवर होकायंत्राचा जो फरक छापतात त्याच्या पाठीशी अशाच वेधशाळांची नोंद असते, हे आमच्या किनाऱ्यावरील नाखव्यांनी तरी ध्यानात घ्यावे.

आमचे म्हणणे एवढेच की, वेधशाळेच्या परिसरात अवजड पोलादी बांधकाम वा नवी विद्युतवाहिनी येण्याआधी तेथील शास्त्रज्ञांचा लेखी अभिप्राय घ्यावा, आणि तो प्रतिकूल असल्यास बांधकामच दूर न्यावे. मूस यांना दूर जाण्यास अलिबाग मिळाले. आता किनाऱ्यावर तशी निवांत जागा शोधूनही सापडणे कठीण.