पाहुण्या संघाचे तिकीट

दि. १५ ऑगस्ट २०२५ रोजी आशियाई फुटबॉल महासंघाच्या ‘चॅम्पियन्स लीग टू’ या स्पर्धेची गटवार सोडत निघाली आणि एफसी गोवा या संघाच्या गटात सौदी अरेबियाचा अल नस्र हा संघ आला. त्या दिवसापासून मडगाव, पणजी, वास्को या भागात फुटबॉलविषयी जे बोलणे झाले त्यातील बराचसा भाग खेळाविषयी नव्हताच. तो तिकिटांविषयी होता. तिकिटे केव्हा निघणार, किती निघणार, दर काय राहणार, आणि या सर्वांच्या मुळाशी असलेला एकच प्रश्न : ‘तो’ येणार की नाही?

‘तो’ म्हणजे ख्रिस्तियानो रोनाल्डो, हे गोव्यात कोणास सांगावे लागत नाही. पोर्तुगीज अंमल जाऊन साठ वर्षे उलटून गेली तरी विश्वचषकाच्या दिवसांत पोर्तुगालच्या संघावर जीव टाकणारी घरे गोव्यात आहेत आणि या प्रेमामुळे अस्वस्थ होणारी माणसेही त्याच गावात आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुट येथे रोनाल्डोचा पुतळा उभा राहिला तेव्हा काहींनी काळे झेंडे दाखविले होते. ज्या देशाविरुद्ध लढून गोवा मुक्त झाला, त्या देशाच्या खेळाडूचा पुतळा येथे कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. गोव्याच्या स्वतःच्या खेळाडूंचे पुतळे का नाहीत, हा त्यांचा दुसरा प्रश्न तर त्याहून अडचणीचा होता. परंतु प्रत्यक्ष माणूसच येणार म्हटल्यावर असे वाद मागे पडतात, आणि तसेच झाले.

फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमची क्षमता सुमारे एकोणीस हजार. गोव्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास. शिवाय बेळगाव, सावंतवाडी, कोल्हापूर येथून रात्रीत येऊन रात्रीत परतता येते. तेव्हा एकोणीस हजार जागांवर पहिला हक्क कोणाचा, हा वाद होणे अटळ होते. नेमाने सामने पाहणारा प्रेक्षक म्हणे, पावसात भिजत आणि हरत्या सामन्यातही शेवटच्या शिट्टीपर्यंत आम्ही बसलो, तेव्हा ही पाहुणे मंडळी कोठे होती? आज ती पाहुण्या संघाचा पिवळा सदरा घालून आमच्याच शेजारी बसणार आणि आमच्या गोलरक्षकाने चेंडू सोडला की टाळ्या पिटणार! दुसरा पक्ष म्हणे, वर्षातून एकदा पोराला घेऊन मैदानावर जाणाऱ्या माणसाने काय पाप केले? त्याचे पैसेही पैसेच आहेत, आणि आज रोनाल्डोसाठी आलेला मुलगा उद्या गोव्याच्या संघासाठी येणार नाही असे कोणी सांगावे?

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तरीही नेमाने येणाऱ्याचे पारडे किंचित जड धरले पाहिजे. क्लब चालतो तो त्याच्या जोरावर. त्याच गटात इराकचा अल झवरा आणि ताजिकिस्तानचा इस्तिक्लोल हे संघही होते व तेही फातोर्ड्यास येणार होते. त्यांच्या तिकिटांसाठी कोणी कोणाशी भांडल्याचे ऐकिवात नाही.

तिकिटांचे दर चढे निघाले तेव्हा नाराजीचा सूर उमटला. चार जणांच्या कुटुंबास एका संध्याकाळचा खर्च किती, याचा हिशेब घरोघर झाला असेल. तिकिटे, गाडीचे पेट्रोल, खाणेपिणे आणि शिवाय धाकट्याला हवा असलेला सात क्रमांकाचा सदरा, हे सारे जोडत गेले की आकडा महिन्याच्या किराण्याला भिडतो. क्लबला लोभी ठरवणे अशा वेळी सोपे असते. पण क्लबची बाजूही समजून घेण्यासारखी होती. इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम जुलै २०२५ मध्येच स्थगित झाला होता. महासंघ आणि लीग चालविणारी कंपनी यांच्यातील कराराची मुदत डिसेंबरात संपत होती आणि पुढे काय होणार हे कोणासच ठाऊक नव्हते. खेळाडूंचे पगार, प्रशिक्षकांचे वेतन, प्रवास, सराव हे खर्च थांबत नाहीत. सामनेच थांबले तर तिकीटखिडकी मात्र बंद राहते. सुपर कप जिंकून आणि मग १३ ऑगस्ट रोजी ओमानच्या अल सीब संघास २-१ असे हरवून गोव्याने हे आशियाई स्थान मिळविले होते. जे काही उत्पन्न व्हावयाचे ते याच थोड्या सामन्यांतून, आणि त्यातही एकाच रात्री. दुष्काळात एकच विहीर लागावी आणि तिच्यावर साऱ्या गावाने घागरी घेऊन यावे, तशी ती स्थिती होती.

दर किती असावा यावर इंग्लंडमधील प्रेक्षकांनी फार पूर्वीपासून भांडून काही मिळविले आहे. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर संडरलंडविरुद्धचा सामना चालू असताना ७७ व्या मिनिटास सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून चालू लागले. सर्वांत महागडे तिकीट ७७ पौंडांचे होणार होते, म्हणून नेमके ७७ वे मिनिट. त्या वेळी संघ २-० असा आघाडीवर होता. प्रेक्षक गेले आणि सामना २-२ असा सुटला. काही दिवसांतच मालकांनी दिलगिरी व्यक्त करून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने बाहेरगावच्या मैदानावर जाणाऱ्या पाहुण्या प्रेक्षकांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा ठरविली. संघ कितीही लोकप्रिय असो, त्याच्याबरोबर प्रवास करणाऱ्या माणसास त्याहून अधिक मागायचे नाही. काळ्या बाजाराचा बंदोबस्त तर तेथे १९९४ च्या कायद्यानेच केला आहे. क्लबच्या परवानगीवाचून फुटबॉलचे तिकीट पुन्हा विकणे हा तेथे गुन्हा आहे. आपल्याकडे प्रेक्षकांची अशी संघटित ताकद अजून उभी राहिलेली नाही. येथे नाराजी चहाच्या टपरीवर सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते.

दरापेक्षा अवघड प्रश्न मात्र निराळाच. तिकीट घेणारा नेमके काय विकत घेतो?

जाणकार प्रेक्षकांनी गोव्यात आरंभापासूनच बजावले होते की रोनाल्डो येईल हे धरून चालू नका. परदेशातील सामन्यांना न जाण्याची मुभा त्याच्या करारात असल्याच्या बातम्या होत्या. गटातील आधीच्या दोन सामन्यांत अल नस्रने त्यास खेळविले नव्हते आणि दोन्ही सामने जिंकलेही होते. ज्या संघाला आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूवाचून जिंकता येते, तो चाळिशीतल्या त्या खेळाडूस आठवड्याच्या मध्यावर विमानाने दूरदेशी का पाठवील? हे सारे ठाऊक असूनही मागणी कमी झाली नाही. आशा ही अशा वेळी कागदोपत्री पुराव्याला जुमानत नाही. सामन्याला एक-दोन दिवस उरले असता बातमी आली : संघ निघाला, तो निघाला नाही.

महाराष्ट्रातील फुटबॉलप्रेमींना हा अनुभव नवा नव्हता. २०२३ च्या ऑगस्टात ब्राझीलचा नेमार सौदीच्या अल हिलाल संघात दाखल झाला आणि त्यानंतर नऊच दिवसांनी, २४ ऑगस्टला, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या सोडतीत मुंबई सिटी एफसी व अल हिलाल एकाच गटात आले. अंधेरीच्या मैदानात जेमतेम सात हजारांची सोय. मुंबई सिटी आपले आशियाई सामने पुण्यास बालेवाडीत खेळत होती. या एका सामन्यासाठी नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम घेण्यात आले, यावरूनच मागणीचा अंदाज यावा. १७ ऑक्टोबर रोजी उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारच्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली. ६ नोव्हेंबरच्या नेरूळच्या सामन्याआधी थोडेच दिवस त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. तरीही लोक मोठ्या संख्येने आले. रियाधमध्ये ज्या अल हिलालने मुंबईवर सहा गोल चढविले होते, त्याला येथे उत्तरार्धापर्यंत एकही गोल करता आला नाही. शेवटी सामना ०-२ असा गेला. नेमारला पाहण्यासाठी गेलेल्यांनी एका भारतीय संघास आशियातील बलाढ्य संघाशी तासभर झुंजताना पाहिले. हे कमी मोलाचे होते का, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

दुखापतीत कोणाचा दोष नसतो. स्वेच्छेने न येणे ही गोष्ट वेगळी आणि तिथे प्रेक्षकाचा राग अधिक रास्त वाटतो. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी हाँगकाँगमध्ये लिओनेल मेस्सीचा इंटर मायामी संघ प्रदर्शनीय सामना खेळला. मेस्सी मैदानावर होता, पण बाकावर. तो उठेल, अंग मोकळे करील, निदान शेवटची दहा मिनिटे उतरेल म्हणून लोक वाट पाहत राहिले आणि अखेरीस पैसे परत करा म्हणून ओरडू लागले. तीनच दिवसांनी टोकियोत तो अर्धा तास खेळला, तेव्हा जखमेवर मीठ चोळल्यासारखे झाले. आयोजकांनी पुढे निम्मे पैसे परत देण्याची तयारी दाखविली. त्याच वर्षी मे महिन्यात कॅनडातील व्हँकूव्हर येथे मेस्सी, सुआरेझ आणि बुस्केट्स हे तिघेही आले नाहीत. पन्नास हजारांहून अधिक तिकिटे गेली होती. यजमान क्लबने त्या दिवशी खाण्यापिण्याच्या पदार्थांवर निम्मी सूट जाहीर केली. मेस्सीच्या बदल्यात निम्म्या दरात सँडविच, हा सौदा कोणाला पटला असेल असे वाटत नाही.

कायद्याच्या भाषेत बोलायचे तर तिकीट हे सामन्याचे असते, खेळाडूचे नव्हे. संघात कोण असेल हे ठरविण्याचा अधिकार प्रशिक्षकाचाच, आणि तो तसाच राहिला पाहिजे. मात्र ज्या चेहऱ्याच्या जोरावर तिकीट महाग केले, ज्याचे चित्र जाहिरातीत मध्यभागी छापले, तो न आल्यास ‘आम्ही तर सामना विकला होता’ असे म्हणणे शोभत नाही. व्यापारात वजन करताना तागडी दोन्ही बाजूंनी दिसावी लागते. चित्र न छापता, दर न चढविता तिकीट विकले असते तर तक्रारीला जागा उरली नसती. छापले तर काही अंशी तरी परतफेड करण्याची तयारी हवी, आणि ती तिकीट विकण्यापूर्वी जाहीर केलेली हवी.

जुन्या पिढीला मात्र याहून सुखाची आठवण आहे. २४ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघातून पेले खेळला. वय ३६, निवृत्ती आठवड्यावर आलेली, आदल्या पावसाने मैदानाचा चिखल झालेला. मैदान धोक्याचे आहे असे सांगून तो बाकावर बसला असता तरी कोणी त्यास नावे ठेवली नसती. तो खेळला. प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या मार्गदर्शनाखालील मोहन बागानने श्याम थापा आणि मोहम्मद हबीब यांच्या गोलांच्या बळावर सामना २-२ असा बरोबरीत सोडविला. पेलेने स्वतः एकही गोल केला नाही, आणि ज्यांनी तिकीट काढले होते त्यांपैकी कोणी त्याबद्दल तक्रार केल्याचे आठवत नाही. गौतम सरकारने पेलेला कसे जखडून ठेवले, हे मात्र बंगालात अजून सांगतात.

आता फातोर्ड्याकडे. २२ ऑक्टोबर २०२५ ची संध्याकाळ. रोनाल्डो नाही म्हणून काहींनी जाणे रद्द केले, काहींनी तिकीट मित्राला देऊन टाकले. जे गेले त्यांनी पहिल्या अर्ध्या तासातच अल नस्रचे दोन गोल पाहिले आणि रियाधसारखी, नेरूळसारखी नव्हे, गत होणार असे त्यांना वाटले असेल. मध्यंतरापूर्वी ब्रायसन फर्नांडिस या गोमंतकीय तरुणाने अल नस्रच्या जाळ्यात चेंडू धाडला. पिवळे सदरे घालून आलेलेही त्या क्षणी उभे राहून ओरडले असतील, असे मानायला हरकत नाही. त्यानंतर अल नस्रला गोव्याने आणखी गोल करू दिला नाही; सामना १-२ असा संपला. एका हौशी प्रेक्षकाने कुंपण ओलांडून मैदानात धाव घेतली आणि यजमान क्लबच्या डोकेदुखीत भर घातली, तेवढा एक प्रकार सोडला तर रात्र नीट पार पडली.

तीनच दिवसांनी गोव्यातच सुपर कप स्पर्धा सुरू झाली. त्या सामन्यांच्या तिकिटांविषयी कोणासही ओळखीपाळखीने विचारावे लागले नाही.