तिकिटाआधी विचारा, वादक किती?

जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमाची जाहिरात दिसली की आपण गायकाचं नाव बघतो. हुबेहूब रफी, अगदी किशोरकुमार, एवढ्यावर तिकीट निघतं. यापुढे आयोजकांना फोन करून आणखी एक विचारा: गाणी वादकांबरोबर होणार की ट्रॅकवर?

सोसायटीच्या गणपतीत ट्रॅक ठीकच आहे. पण नाट्यगृहात पाचशे रुपये मोजायचे आणि मंचावर एक माणूस आणि एक लॅपटॉप? गायकाला एखादी जागा जरा लांबवावीशी वाटली, तर ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही. तबलजी थांबतो. गायकाकडे बघतो आणि दोघं बरोबर समेवर येतात. ही मजा हवी असेल तर तिकीट थोडं महाग पडेल. पडू दे. दहा-बारा वादकांची बिदागी कुठून तरी यायलाच हवी.

ती गाणी वादकांनीच तर घडवली. ‘आराधना’तल्या (1969) पावसाळी रात्रीच्या गाण्यातलं अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. ‘शोले’तल्या (1975) हेलनच्या गाण्यासाठी संगीतकार पंचमदांच्या वादकांनी बाटल्यांत फुंकर मारून आवाज काढला. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’मुळे (1977) ते नाव घराघरांत पोचलं, पण ते एका खऱ्या वादकाचं आहे हे किती जणांना ठाऊक होतं? पडद्यावरच्या नामावलीत वादकांना बहुधा जागाच नसायची. निवेदक आजही त्यांची नावं शेवटी, लोक चपला शोधत असताना, घाईघाईनं उरकतो. ती मध्यंतराआधी घ्या, असं आयोजकांना सांगा. प्रेक्षकांनी सांगितलं की ऐकतात.

आणि गाण्यामधला नुसत्या वाद्यांचा पीस चालू असताना गप्पा मारू नका, मोबाइल काढू नका. मुखडा संपला की सभागृहात कुजबुज सुरू होते, जणू कडवं येईपर्यंत मधली सुट्टीच. नेमकं तेव्हा अकॉर्डियनवाल्याकडे बघा. डाव्या मनगटावरचा पट्टा ताणून तो भाता उघडतो, उजवी बोटं पट्ट्यांवर धावतात, आणि सूर तुटू न देता भाता नेमका कुठे उलटवायचा हे त्याचं त्याला ठाऊक असतं. त्या पीसला टाळी द्या. गायक रागावत नाही. चांगला गायक स्वतःच तिकडे हात करतो.

फर्माईश ओरडून करू नका. वादकांपुढे त्या गाण्याचं नोटेशन असेलच असं नाही, आणि ऐनवेळी वाजवलेलं गाणं तुम्हालाच आवडणार नाही. मध्यंतरात चिठ्ठी द्या.

कार्यक्रम संपला की सेल्फीसाठी सगळे गायकाभोवती. वादक तेव्हा वायरी गुंडाळत असतात. त्यांना काही सांगायचं असेल तर लगेच गाठा. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो.