गाडी थांबते तिथे वडा



एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. ती सातवीत आहे. मे महिन्यात आईबाबांबरोबर पॅरिसला जाणार आहे आणि तिला एकच काळजी लागली आहे. आयफेल टॉवरची नव्हे, खाण्याची! "अनोळखी गावात चांगलं हॉटेल ओळखायचं कसं? आमचे बाबा मोठी पाटी बघून आत शिरतात आणि मग सगळे गप्प बसून खातात," असं तिनं लिहिलंय. (तिच्या बाबांनी हे वाचलं तरी माझी हरकत नाही.)

रेस्टॉरंट हा शब्द मुळात पॅरिसचाच. अठराव्या शतकात तिथे थकल्याभागल्या माणसाला तरतरी आणणारा कढत रस्सा मिळायचा, त्याला हे नाव होतं. पुढे तो रस्सा मिळायच्या जागेलाच ते चिकटलं. पॅरिसच्या गार द लियों या रेल्वे स्टेशनात १९०१ साली उघडलेलं एक रेस्टॉरंट आजही आहे. छतावर मोठमोठी चित्रं, सोनेरी नक्षी, लखलखती झुंबरं. स्टेशनावरचं खाणं म्हणजे कसंतरी पोट भरणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते जरूर बघावं.

पण चांगलं खाणं हुडकायची विद्या शिकायला पॅरिसला कशाला जायचं? कर्जतला जा की! मुंबईहून लोकलनं १०० किलोमीटर.

कर्जतचा बटाटेवडा, त्यातही दिवाडकरांचा, ठाऊक नाही असा पुण्या-मुंबईचा प्रवासी विरळाच. पण तो कर्जतलाच का प्रसिद्ध झाला? नेरळला का नाही? याचं उत्तर कढईत नाही, डोंगरात आहे. कर्जत सुटलं की गाडी बोरघाट चढू लागते. चढ १:३७ चा. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे गेली की १ मीटर वर जाते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रेल्वेच्या गुळगुळीत रुळांवर लोखंडी चाकांना हा चढ भलताच अवघड. म्हणून कर्जतला गाडीच्या पाठीमागे आणखी इंजिनं जोडतात. त्यांना म्हणतात बँकर. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. ही जोडणी होईपर्यंत गाडी उभी. भरलेली गाडी, रिकामी पोटं आणि मोजकी मिनिटं! अशा वेळी काय विकाल? ताटवाटी लागणार नाही, सांडणार नाही, एका हातात धरून खाता येईल असंच काहीतरी. वडा या परीक्षेत पहिला आला. डेक्कन क्वीनला तर स्वतःचा जेवणाचा डबा आहे, तरी तिच्यातल्या लोकांचंही कर्जतच्या फलाटाकडे लक्ष असतंच.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. मी पाचवीत होते, भाऊ दुसरीत. आम्ही चौघं पुण्याला निघालो होतो. कर्जत आलं आणि बाबा वडे आणायला खाली उतरले. आई म्हणाली, "अहो, खिडकीशी येईल तो." पण बाबांना कढईतले गरम हवे होते. मी खिडकीच्या गजांना नाक लावून बघत होते. बाबांनी वडे घेतले, दहाची नोट दिली आणि उभे राहिले. कशासाठी, तर सुट्या दोन रुपयांसाठी! तेवढ्यात मागून धक्का बसला. इंजिनं जोडली गेली होती. शिट्टी झाली आणि गाडी हलली. बाबा पुडकं उंच धरून पळत आले, पण आमचा डबा पुढे निघून गेला होता.

तिकिटं बाबांच्या खिशात. आईच्या पर्समध्ये किती पैसे होते कोण जाणे. तिनं दोनदा मोजले, ते मी पाहिलं. मोबाईल फोन तेव्हा नव्हते. एरवी मी घाटातले बोगदे मोजायची, त्या दिवशी एकही मोजला नाही. गाडीतले टी.सी. भले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लोणावळ्याला उतरून थांबायला सांगितलं. आम्ही बाकावर बसलो. आई एक शब्द बोलली नाही. जवळजवळ दोन तासांनी आलेल्या गाडीतून बाबा उतरले. हातात तेच पुडकं. वडे गार, पाव दमट, चटणीचं तेल कागदाला लागलेलं. कोणीच काही बोलेना. शेवटी धाकट्यानं विचारलं, "बाबा, दोन रुपये मिळाले का?" तेव्हा कुठे आई हसली, आणि हसता हसता रडली.

त्यानंतर मी कितीतरी गरम वडे खाल्ले. आठवतो तो मात्र तो गार वडाच. पण मुलांनो, आणि मुलांपेक्षाही आईबाबांनो, गाडीतून खाली उतरायचं नाही हं! विकणारा खिडकीशी येतोच.

जाता जाता एक गंमत. या वड्यात युरोप लपलाय. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो आपल्याकडे आणला पोर्तुगिजांनी आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. 'पाव' हा त्यांच्या ब्रेडसाठीच्या शब्दावरून आला. मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजांतून आली. आपलं काय, तर हरभऱ्याचं पीठ. तरी वडापाव मराठी नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे?

कर्जतहून एक छोटा फाटा खोपोलीला जातो. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली. पुढे रूळच नाहीत. १८५६ साली मुंबईची रेल्वे इथवर पोचली आणि घाटापुढे थबकली. वरची खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, पण मधला घाट रुळांनी जोडला गेला १८६३ मध्ये. म्हणजे पाच वर्षं पुण्याला जाणारा माणूस इथे खाली उतरायचा आणि पालखीतून, तट्टावरून नाहीतर बैलगाडीतून घाट चढायचा. त्याला इथे भूक लागत नसेल? पुढे मोटारी आल्या. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं जाणारी वाहनंही घाट चढण्याआधी इथे दम खायची. खोपोलीचा रमाकांतचा वडा त्याच रस्त्यावरच्या लोकांनी नावारूपाला आणला. थोडक्यात काय, चढाच्या पायथ्याशी खाणं चांगलं मिळतं!

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि बरीचशी वाहनं तिकडून धावू लागली. आता खालापूरजवळच्या फूड मॉलमध्ये लोक उतरतात. स्वच्छता असते, सोय असते, मी नावं ठेवत नाही. पण तिथे बसून आपण खालापूर तालुक्यात आहोत हे जिभेला कळत नाही, एवढंच म्हणते.

मग तालुक्याची चव कशी शोधायची? गेल्या वर्षी मी त्याच धाकट्या भावाच्या दोन मुलांना घेऊन महडला गेले होते. अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं हे देऊळ खोपोलीहून जवळच आहे. दर्शन झालं, मंडळी भुकेली. रस्त्यावर एक झगझगीत पाटी दिसली. मिसळ, पावभाजी, डोसा, पंजाबी, चायनीज, सगळं एकाच छपराखाली. आम्ही शिरलो. मिसळ कोमट, भजी करपलेल्या तेलातली. पत्रातल्या त्या बाबांसारखेच आम्हीही गप्प बसून खाल्लं. ज्या पाटीवर साठ पदार्थ असतात, तिथे सगळे ताजे कसे असतील?

दुसऱ्या दिवशी मी रिक्षावाल्या दादांना विचारलं. "चांगलं हॉटेल कुठे आहे?" असं विचारलं नाही. तसं विचारलं की माणूस आपले कपडे बघून उत्तर देतो. मी विचारलं, "दादा, तुम्ही दुपारी कुठे जेवता?" ते जरा घुटमळले. म्हणाले, "ताई, तुम्हाला चालेल का तिथं?" आणि घेऊन गेले.

पत्र्याची शेड, दोन बाकडी, पाटी नाही. भाचा मोठ्यानं म्हणाला, "शी! आत्या, इथे बसायचं?" चुलीपुढच्या मावशींनी ते ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, ओलं फडकं घेतलं आणि पुसलेलं बाकडं पुन्हा एकदा पुसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवायला चारच गोष्टी. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी आणि भात. वाढताना मावशींनी पहिलं ताट भाच्याला दिलं. त्यानं एक घास घेतला, दुसरा घेतला, मग बोलायचाच बंद झाला. भात कुठला म्हणून विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "आमच्याच शेतातला. कर्जत तीन." दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भाताचं संशोधन केंद्र कर्जतला आहे. तिथे तयार झालेल्या जातींना कर्जतचंच नाव आहे. दीडच्या सुमाराला आणखी दोघं आले, तर मावशींनी हात हलवला, "भात संपला." मला तर ही कुठल्याही पाटीपेक्षा खात्रीची खूण वाटते. उठताना भाच्यानं आपलं ताट स्वतः उचलून मोरीवर नेलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

थंडीत गेलात तर हॉटेलच शोधू नका, कोणाच्या तरी शेतावर ओळख काढा. भात कापून झाला की उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, कोणी अंडी तर कोणी मसाला लावलेली कोंबडीही घालतं. तोंड पाल्यानं बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र करून लगेच उडालं की झालं. मग कागदावर ओतायचं आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. बोटं पोळतात, पण थांबवत नाही.

तर पॅरिसला निघालेल्या मैत्रिणी, तिथेही कोणाला तरी विचार, "तुम्ही दुपारी कुठे जेवता?" एवढं एक वाक्य फ्रेंचमध्ये पाठ करून ठेव. काय खाल्लंस ते मला सविस्तर लिही. आणि हो, बाबांच्या खिशात सुटे पैसे आहेत ना, ते घरून निघतानाच बघ!