विश्लेषण : एका दिवसात दिल्ली, गाडीवाल्याचे ‘सात पॉइंट’ की आपल्या चार जोड्या?

अमृतसर, हरिद्वार, वैष्णोदेवी किंवा चारधाम. नांदेड-लातूरचे कुटुंब उत्तरेकडे निघाले की वाटेत दिल्ली लागतेच. नांदेडहून सकाळी सुटणारी सचखंड एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास नवी दिल्लीत पोहोचते. लातूरकर तीच गाडी परभणीला गाठतात. पुढच्या प्रवासाआधी हातात एक मोकळा दिवस असतो. मग हॉटेलच्या काउंटरवरून किंवा मोबाइलवरून एक खासगी गाडी ठरते आणि गाडीवाला यादी वाचून दाखवतो : लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, राष्ट्रपती भवन, कुतुबमिनार, लोटस टेम्पल, अक्षरधाम. एकूण सात ‘पॉइंट’, एका दिवसात.

यादी ऐकायला भरगच्च आहे. मात्र संध्याकाळी हॉटेलवर परतल्यावर मोबाइलमध्ये फोटो असतात आणि पायात गोळे. पाहिले काय, हे सांगता येत नाही. आई-वडिलांची ही कदाचित आयुष्यातली एकमेव दिल्लीवारी असते. म्हणूनच हा दिवस गाडीवाल्याच्या यादीवर सोडून देण्याऐवजी घरूनच आखून नेला पाहिजे.

सात पॉइंटचे गणित काय सांगते?

दिल्लीत खासगी गाडी बहुतेक वेळा ‘८ तास, ८० किलोमीटर’ या हिशेबाने मिळते. आठ तास म्हणजे ४८० मिनिटे.

हॉटेलपासून पहिले ठिकाण, मग एकाकडून दुसरीकडे आणि शेवटी पुन्हा हॉटेल, असे सात ठिकाणांसाठी आठ टप्पे होतात. दिल्लीच्या रहदारीत एका टप्प्याला सरासरी ३० मिनिटे धरली तरी २४० मिनिटे गाडीतच गेली. जेवणाला ४५ मिनिटे. पार्किंग, तिकीट आणि सुरक्षा तपासणीची रांग मिळून प्रत्येक ठिकाणी १५ मिनिटे धरली, तर आणखी १०५. उरली ९० मिनिटे. त्यांना सातने भागले की एका ठिकाणाच्या वाट्याला जेमतेम १३ मिनिटे येतात.

१३ मिनिटांत लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजातून दिवाण-ए-आमपर्यंत जाऊन परत येणेही अवघड. अक्षरधामला तर मोबाइल आणि बॅगा आधी जमा कराव्या लागतात; ते पाहायला तीन-चार तास लागतात. म्हणून यादीतली निम्मी ठिकाणे ‘बाहेरून दर्शन’ या सदरात जातात. गाडी हळू होते, चालक काचेतून बोट दाखवतो आणि एक पॉइंट पूर्ण होतो.

त्यातच ‘हँडीक्राफ्ट’च्या दुकानाचा थांबा न विचारता घुसवला जातो. ग्राहक आणल्याबद्दल काही दुकाने चालकाला पैसे देतात. हा अर्धा तास कुटुंबाच्याच दिवसातून कापला जातो.

मग कोणती ठिकाणे पाहायची?

दिल्लीत पाहण्यासारखे इतके आहे, की एका दिवसात काही ना काही सोडावेच लागते. काय सोडायचे, हे ठरवायला नांदेड-लातूरच्या माणसाकडे एक चांगली फूटपट्टी आहे : त्याच्या स्वतःच्या गावाचा इतिहास.

नांदेडची जगभरची ओळख तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळे आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी गोदावरीकाठी देह ठेवला आणि त्याआधी गुरू ग्रंथ साहिबला गुरुपद दिले, हे नांदेडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण या कथेचे आधीचे आणि नंतरचे अध्याय दिल्लीत घडले. गंमत म्हणजे त्यांच्या जागा दिल्लीच्या चार सर्वांत प्रसिद्ध ठिकाणांच्या अगदी शेजारी आहेत. पर्यटकांची गाडी रोज त्यांच्याजवळून जाते. क्वचितच थांबते.

पहिली जोडी : कुतुबमिनार आणि बंदासिंग बहादूर

सुमारे ७३ मीटर उंचीचा मिनार आणि सुमारे १६०० वर्षांत न गंजलेला लोहस्तंभ सगळे पाहतात. तिथून थोड्या अंतरावर, मेहरौलीत ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्याजवळ, बंदासिंग बहादूर यांच्या हौतात्म्याचा गुरुद्वारा आहे.

बंदासिंग म्हणजे गोदावरीकाठी आश्रम करून राहिलेले माधोदास बैरागी. १७०८ मध्ये नांदेडलाच गुरू गोविंदसिंगजींची भेट झाली आणि बैराग्याचा सेनापती झाला. पंजाबात जाऊन त्यांनी मोगल सत्तेला हादरा दिला. पकडले गेल्यावर जून १७१६ मध्ये मेहरौलीत हालहाल करून त्यांना मारण्यात आले. नांदेडच्या काठावर सुरू झालेली ही गोष्ट कुतुबच्या सावलीत संपते. नांदेडकराने कुतुबमिनारचा फोटो काढून इथे न जाता परतावे, हे मनाला पटत नाही.

दुसरी जोडी : हुमायूनचा मकबरा आणि दमदमा साहिब

‘पॉइंट’च्या यादीतून हा मकबरा अनेकदा वगळला जातो. खरे तर कुतुबमिनार परिसराबरोबरच, १९९३ मध्ये, तो जागतिक वारसा यादीत आला. १८५७ मध्ये शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर इथेच इंग्रजांच्या हाती लागला.

मकबऱ्याजवळच दमदमा साहिब गुरुद्वारा आहे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये गुरू गोविंदसिंगजी आणि शहजादा मुअज्जम यांची भेट इथे झाली, असे शीख परंपरा सांगते. हा मुअज्जम पुढे बहादूरशहा (पहिला) म्हणून गादीवर आला. तो दख्खनेत उतरला तेव्हा गुरूही त्याच्या छावणीसोबत होते आणि त्याच प्रवासात नांदेडला पोहोचले.

तिसरी जोडी : संसद परिसर आणि रकाबगंज

राष्ट्रपती भवन आणि संसद भवन ही ठिकाणे आधी नोंदणी केलेली नसेल तर बाहेरूनच पाहावी लागतात. म्हणून इथे वेळ कमी दिला तरी चालतो. गोल आकाराच्या जुन्या संसदेला आता ‘संविधान सदन’ म्हणतात. १९९१ ते ९६ या काळात तिथे लोकसभेच्या अध्यक्षपदी लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर होते आणि देशाचे गृहमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. मुलांना ही वास्तू दाखवताना एवढे सांगितले, तरी ती परकी वाटणार नाही.

संसदेसमोरच गुरुद्वारा रकाबगंज साहिब आहे. १६७५ मध्ये औरंगजेबाच्या आदेशाने गुरू तेगबहादूरजींचा चांदणी चौकात शिरच्छेद झाला. देह उचलण्याची कोणाची हिंमत होईना. तेव्हा लखीशाह वंजारा या व्यापाऱ्याने तो आपल्या गाड्यांमधून गुपचूप नेला आणि स्वतःच्या घराला आग लावून त्या आगीत अंत्यसंस्कार केले. ती जागा म्हणजे रकाबगंज. लखीशाह बंजारा समाजाचे होते. किनवट-माहूरपासून मुखेड-कंधारपर्यंत तांड्यातांड्यांत राहणाऱ्या समाजासाठी दिल्लीच्या मध्यावर, थेट संसदेसमोर, याहून मोठी खूण कोणती असणार?

दुपारचे जेवण इथल्या लंगरमध्ये करावे. हजूर साहिबच्या पंगतीत बसलेल्यांना रीत नव्याने शिकवावी लागत नाही.

चौथी जोडी : लाल किल्ला आणि शीशगंज

लाल किल्ला लातूरकरांसाठी खास आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. त्या विजयानंतर उत्तरेची मोहीम भाऊंकडे आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली. खजिना रिकामा, फौजेचे पगार थकलेले. अशा चणचणीत दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडली गेली. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. उदगीरचा किल्ला पाहिलेल्या माणसाने त्या छताखाली दोन मिनिटे उभे राहिले, की पाठ्यपुस्तकातले तीन वेगळे धडे एकाच वर्षाची गोष्ट आहेत, हे लक्षात येते.

किल्ल्यासमोर चांदणी चौक. दहा-पंधरा मिनिटे चालले की शीशगंज साहिब, गुरू तेगबहादूरजींच्या हौतात्म्याची जागा. २०२५ मध्ये त्या घटनेला ३५० वर्षे झाली. वडिलांचे शीर इथे धारातीर्थी पडले तेव्हा पुत्र अवघा नऊ वर्षांचा होता. त्याच पुत्राची अखेरची जागा नांदेड.

गाडी कशी ठरवायची?

क्रम दक्षिणेकडून उत्तरेकडे ठेवावा : सकाळी सातला निघून कुतुब, मग हुमायूनचा मकबरा, दुपारी रकाबगंज आणि तीनच्या सुमारास लाल किल्ला. गाडी तिथेच सोडून द्यावी. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदीच आहे. तिथे सायकल रिक्षा किंवा पायीच जावे लागते. परतायला चांदणी चौक आणि लाल किल्ला ही मेट्रो स्थानके हाताशी आहेत.

आता पुन्हा तेच गणित. गाडीचे टप्पे चार, म्हणजे १२० मिनिटे. जेवण ४५. पार्किंग आणि रांगा तीन ठिकाणी मिळून ४५. उरतात २७० मिनिटे. पहिल्या तीन जोड्यांना प्रत्येकी दीड तास मिळतो आणि लाल किल्ला-शीशगंजला गाडीचे मीटरच लागू नाही. पैसे आठ तासांचेच.

पैसे देण्याआधी चालकाला पाच गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावीत :

• आठ तास कुठून मोजणार, हॉटेलपासून की गाडीच्या गॅरेजपासून?
• पार्किंग, टोल आणि चालकाचे जेवण भाड्यात धरले आहे का?
• आठ तासांच्या किंवा ८० किलोमीटरच्या वर गेले तर दर काय?
• दुकानाचा थांबा नको, हे मान्य आहे का?
• गाडी लाल किल्ल्यावर सोडली तर पूर्ण भाडे किती?

वार मात्र आधी पाहावा. सोमवारी लाल किल्ला, लोटस टेम्पल आणि अक्षरधाम बंद असतात. १५ ऑगस्टच्या तयारीसाठीही लाल किल्ला आधी काही आठवडे बंद ठेवला जातो. कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा आणि लाल किल्ला इथे १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. मोठ्यांचे तिकीट मोबाइलवर काढले की खिडकीची रांग वाचते. वाटाड्या हवा असेल तर सरकारी ओळखपत्र पाहूनच घ्यावा.

सात पॉइंटमध्ये वाईट काय?

सगळेच वाईट नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला गाडीत बसून इंडिया गेट दिसले, तरी तिचा दिवस सोन्याचा होतो. लोटस टेम्पलसमोर फोटो हवा, हा मुलांचा हट्टही खोटा नाही. ज्यांना अक्षरधामच पाहायचे आहे, त्यांनी अर्धा दिवस तिथेच द्यावा आणि बाकीचे निवांत सोडावे. शिवाय ही चार जोड्यांची वाट सगळ्यांसाठी नाही. त्यात चालणे आहे. कुतुब आणि लाल किल्ल्याचे आवार मोठे आहे. घरात वयस्कर माणसे असतील तर चारऐवजी दोनच जोड्या घ्याव्यात : सकाळी कुतुबकडची, दुपारी लाल किल्ल्याकडची.

मुद्दा एवढाच, की निवड कुटुंबाची असावी. ‘जास्त पॉइंट म्हणजे जास्त वसुली’ हा हिशेब गाडी विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. पाहणाऱ्याच्या हाती त्यातून १३ मिनिटे येतात.

सरकारने काय करावे?

पंजाबातून सचखंड एक्स्प्रेसने नांदेडला उतरणाऱ्या यात्रेकरूला कुठे जायचे, हे नेमके माहीत असते. त्याच गाडीने उलट निघालेल्या मराठवाड्याच्या माणसाला दिल्लीत आपले काय आहे, हे कोणी सांगत नाही. यासाठी कोट्यवधींची योजना नको. मराठीतला एक पानी नकाशा, त्यावर या आठ जागा आणि एक क्यूआर कोड, एवढे नांदेड व परभणी स्थानकांवर आणि दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनात लावता येईल. राज्याचे पर्यटन खाते आणि रेल्वेने मनावर घेतले तर हे काम काही आठवड्यांचे आहे. शाळांच्या सहलींनाही तो उपयोगी पडेल.

तोवर हा नकाशा ज्याने त्याने स्वतःच्या मोबाइलमध्ये बनवावा. गाडी सुटण्याआधीच आठ जागांवर खुणा करून ठेवाव्यात. दिल्लीत उतरल्यावर यादी गाडीवाल्याने वाचायची नसते. ती त्याच्या हातात द्यायची असते.